अजून विचारता येतंय तोवर

डॉक्टरांसमोर तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत काका, एका बाजूला काकू, दुसरीकडे मुलगी. "आज वार कोणता?" डॉक्टर विचारतात. काका आठवू लागतात, तेवढ्यात काकू म्हणतात, "अहो, गुरुवार नाही का? सकाळीच दत्ताला जाऊन आलात." डॉक्टर काकूंना हातानंच थांबवतात आणि काकांपुढे कोरा कागद सरकवतात. गोल काढा, घड्याळाचे आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. वीज मंडळात पस्तीस वर्षं नकाशे वाचलेला हा माणूस बाराच्या बारा आकडे गोलाच्या उजव्या अंगाला दाटीवाटीनं बसवतो. चुकलंय हे सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळतं. ते खोडरबर मागतात. तो सापडेपर्यंत मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" दार लागतं आणि आत खरं बोलणं सुरू होतं.

हा लेख त्या बाहेर बसवण्याबद्दल आहे. (ज्या घरांविषयी पुढे लिहिलं आहे त्यांची नावं, गावं मुद्दाम दिलेली नाहीत.)

डिमेन्शियावर मराठीत हल्ली बरंच लिहिलं जातं, पण त्यातलं बहुतेक मधल्या आणि शेवटच्या टप्प्यावरचं असतं. रात्रीबेरात्री घराबाहेर पडणारे आजोबा, मुलीला ओळखेनाशी झालेली आई, डायपर, अंथरुणाला खिळणं. सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस या लिखाणात फारसा भेटत नाही, कारण वरवर तो तुमच्या-आमच्यासारखाच असतो. पेपर वाचतो, भाजी आणतो, राजकारणावर तावातावानं बोलतो. फक्त एकच हकिकत पाऊण तासात तीनदा सांगतो, आणि पासबुकातली रक्कम जुळेना की बँकेवर डाफरतो. आपलं काहीतरी बिनसलंय हे त्याला अर्धवट का होईना, ठाऊक असतं. पुढे काय हवं, काय नको, हे तो सांगू शकतो. ही मुभा कुणाला वर्षभर मिळते, कुणाला चार-पाच वर्षं. आणि नेमक्या त्याच काळात घरचे त्याच्याशी बोलायचं सोडून त्याच्याविषयी आपसांत बोलू लागतात. हे वाईट हेतूनं होत नाही. बहुतेकदा मायेपोटीच होतं, म्हणून ते कुणाला खटकतही नाही.

साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीनं २०२३ साली मांडला. म्हणजे साठीपुढच्या शंभरांत सात-आठ जण. पुरुषांपेक्षा बायकांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण जास्त निघालं. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असं त्याच अभ्यासकांचं गणित आहे. यांतल्या बहुसंख्यांचं निदान कधी होतच नाही.

त्याला एक कारण आपल्या चाचण्यांतच आहे. घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करत जा, हे शाळेत गेलेल्या माणसाला विचारणं ठीक. आयुष्यात पेन्सिल न धरलेल्या आजीला घड्याळ काढता आलं नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. तिची परीक्षा स्वयंपाकघरात होते. डिमेन्शियात नुसती आठवण जात नाही, कामाचा क्रम लावण्याची ताकदही जाते, आणि काही वेळा तीच आधी जाते. चाळीस वर्षं डोळ्यांच्या अंदाजानं चकलीची भाजणी करणारी बाई यंदा पातेल्यासमोर नुसती उभी राहते. मोहन घातलं का, हे दोनदा विचारते. मग "आता होत नाही बाई माझ्याच्यानं" म्हणून फराळ बाहेरून मागवायला सांगते. घरचे म्हणतात, वय झालं. ती मात्र काय लपवते आहे ते तिला माहीत असतं. जाणते डॉक्टर अशा वेळी घड्याळ बाजूला ठेवून विचारतात: बाजाराचे पैसे कोण मोजतं, लेकींची सासरची गावं सांगते का, सणाचं सगळं हिच्याच हातून होतं की सूनबाई मागून सावरून घेते?

विसरायला लागलेल्या प्रत्येकाला डिमेन्शिया नसतो. हे वाक्य सगळेच म्हणतात, पण महाराष्ट्रात ते जरा जास्त गांभीर्यानं घ्यायला हवं. शाकाहार, त्यात दूधदुभतं बेताचं, यामुळे आपल्याकडे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता अमाप आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली पुणे परिसरातल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जवळपास दोन तृतीयांश जणांच्या रक्तात ब-१२ कमी आढळलं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि जोडीला पित्तासाठी रोजची गोळी चालू असेल, तर ते आणखी घटतं. ब-१२ कमी पडलं की विसर पडतो, चाल अडखळते, माणूस चिडचिडा होतो. थायरॉइड मंदावलं तरी तसंच. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडून डोक्याला लागलेलं असतं आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असतं, तेही असंच दिसतं. बायको गेल्यावर आलेलं नैराश्य, झोपेच्या गोळ्या, मेणानं बुजलेले कान, सगळं विसराळूपणाच्याच वेषात येतं. यातलं बरंचसं बरं होऊ शकतं. म्हणून रक्ताच्या दोन-तीन तपासण्या आणि मेंदूचं एक छायाचित्र होण्याआधी कुणीही, अगदी घरच्या डॉक्टरांनीही, "वयाचं आहे" म्हणून हात झटकू नयेत. ऐकण्याविषयी तर वेगळं सांगायला हवं. 'लान्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात, डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणं दिली आहेत, त्यांत बहिरेपण सर्वांत वर असलेल्या दोहोंपैकी एक आहे. चष्मा लावायला आपण लाजत नाही, कानाच्या यंत्राला मात्र लाजतो.

समजा, हे सगळं तपासून झालं आणि निदान पक्कं झालं. अल्झायमर असेल, रक्तवाहिन्यांमुळे झालेला डिमेन्शिया असेल, आपल्याकडे अनेकदा दोन्हींचं मिश्रण असतं. पहिली अडचण इथेच येते. "त्यांना सांगू नका डॉक्टर, धसका घेतील." हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळालं. कॅन्सरच्या बाबतीत आपण ही लपवाछपवी हळूहळू सोडली, डिमेन्शियात ती अजून टिकून आहे. कारण उघड आहे. कॅन्सरचा पेशंट कधी ना कधी विचारणारच, इथे मात्र तो विसरेल आणि प्रश्नच मिटेल, अशी घरच्यांची छुपी आशा असते.

तो विसरत नाही. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना घरच्यांनी "ही मेंदूची टॉनिकची गोळी" म्हणून डोनेपेझिल हे डिमेन्शियाचं औषध सुरू केलं होतं. बाईंनी स्ट्रिपवरचं नाव वहीत उतरवून घेतलं, नातीचा मोबाइल मागितला आणि गोळी कशाची ते शोधून काढलं. नंतर पंधरा दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. घरच्यांना वाटलं आजार वाढला. मला भेटल्या तेव्हा सकाळी नाश्त्याला काय होतं ते त्यांना आठवत नव्हतं, पण हा अपमान चांगला लक्षात होता. "मी चौदाशे मुलींची शाळा चालवली. माझ्यापासून काय लपवता?" आजाराला त्या फारशा घाबरलेल्या दिसल्या नाहीत. त्यांचा राग दाराआडच्या कुजबुजीवर होता.

कुजबुजीचा आणखी एक तोटा आहे. माणसाला खरं कारण दिलं नाही, तर तो स्वतःच एखादं कारण शोधतो. पैशाचं पाकीट सापडत नाही, म्हणजे कामवालीनं घेतलं. सगळे गप्प होतात, म्हणजे घर नावावर करून घ्यायचा कट चाललाय. आजारामुळे येणारा संशय असतोच, त्याला आपण खतपाणी घालतो.

मग सांगायचं कसं? मला पटलेली पद्धत अशी की आधी विचारावं. "बाबा, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, काय होतंय?" बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. "माझं डोकं पहिल्यासारखं चालत नाही." एवढं निघालं की अर्धं काम झालं. मग आजाराचं नाव, तो हळू चालतो हे, गोळ्यांनी काय होईल आणि काय होणार नाही हे, आणि उद्या सकाळी काय बदलणार आहे ते सांगावं. शेवटच्या टप्प्याचं चित्र पहिल्याच दिवशी रंगवायची गरज नाही. सगळं एका बैठकीत उरकायचीही नाही. काहींना खरंच ऐकायचं नसतं. ते तसं सुचवतात आणि त्यांचं ऐकावं. पण तो निर्णय त्यांचा. गोळ्यांबद्दल खरं सांगायचं तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांनी काहींचा काही काळ थोडा सुसह्य होतो, आजार थांबत नाही. लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं सुरुवातीच्या टप्प्यातच देतात, त्यांनी घसरण थोडी मंदावते, पण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यानं वरचेवर एमआरआय करावा लागतो. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'अल्झायमरवर रामबाण' बातम्यांमध्ये हा भाग गाळलेला असतो.

आता कागदपत्रांकडे येते. दिवाळी अंकात हा विषय रुक्ष वाटेल, तरी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त घरं इथे पोळलेली पाहिली.

मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत, वडील एकटे किंवा आईसोबत. वकील सांगतात, मुखत्यारपत्र करून टाका. होतं, रजिस्टरही होतं, सगळे निश्चिंत होतात. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनःस्थिती ठीक राहिली नाही की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, त्याच दिवशी ते नुसतं कागद म्हणून उरतं. इंग्लंडमध्ये मती गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. पुढे घर विकायचं, मोठी ठेव मोडायची, तर उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यायचा. मुंबई उच्च न्यायालयानं असे आदेश दिलेले आहेत, पण त्यात वकील, वेळ, वैद्यकीय अहवाल आणि सगळ्या भावंडांची संमती आली. शेवटचंच सर्वांत कठीण.

म्हणून जे करायचं ते आत्ता, त्यांच्या सहीनं. बँक खाती 'दोघांपैकी कुणीही' अशी करून घेणं, नामनिर्देशन तपासणं, विम्याचे कागद एका फायलीत. मृत्युपत्र, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला की यांना आपण काय करतोय ते कळतंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक चांगली तरतूद आहे, ती फार कुणाला माहीत नाही. आजाराच्या व्याख्येत स्मृतीचाही उल्लेख असल्यानं डिमेन्शिया त्यात बसतो, आणि कुणीही सज्ञान व्यक्ती आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवू शकते, आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधीही नेमू शकते. शेवटच्या उपचारांच्या इच्छापत्राची प्रक्रियाही सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर कलम ८०डीडीबीखाली ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळत आली आहे, मात्र ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा तज्ज्ञाचा दाखला लागतो, जो सुरुवातीच्या टप्प्यात सहसा मिळत नाही. आणि सही. सही बदलत जाते. एका घरात बँकेनं पेन्शनचे पैसे अडवले, कारण वडिलांची सही जुळेना. त्यांना पुन्हा पुन्हा सही करायला लावली आणि प्रत्येक वेळी ती आणखी बिघडली. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून घरबसल्या मोबाइलवर होतो, तेवढी एक फेरी तरी वाचली.

जॉर्ज फर्नांडिस यांचं उदाहरण सार्वजनिक आहे म्हणून देते. एका हाकेसरशी मुंबई बंद पाडणारा, १९७४ चा रेल्वे संप उभा करणारा हा माणूस अल्झायमरनं ग्रासला, आणि त्यांनी कुणाकडे राहायचं, कुणी केव्हा भेटायचं, हा वाद २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१९ मध्ये ते वारले. त्या सगळ्या वादात प्रत्येक पक्ष त्यांना काय हवं ते सांगत होता. ते स्वतः सांगण्याची वेळ निघून गेली होती.

आता गोव्याकडे. या विषयात आपल्या भागात झालेलं सर्वांत मोलाचं काम तिथलं आहे, आणि मराठी वाचकाला ते जवळजवळ अपरिचित आहे. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात: १९९८ साली कोचीनमध्ये जमलेल्या संशोधकांनी '१०/६६' नावाचा गट काढला. जगातले ६६ टक्के डिमेन्शियाग्रस्त विकसनशील देशांत, आणि लोकसंख्येवर आधारित संशोधन मात्र १० टक्क्यांहूनही कमी तिथलं, म्हणून हे नाव. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून केलेला अभ्यास २००१ साली आला. लक्षणं लोकांना चांगली माहीत होती, पण तो आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. म्हातारपण म्हणून असं होतं, किंवा मुलांनी आबाळ केली, माया लावली नाही म्हणून, असं लोक सांगत. हे दुसरं कारण वाचून मी थबकले. घाटावरही अगदी हेच बोललं जातं, फक्त तिथे 'मुलांनी' ऐवजी 'सुनेनं' म्हणतात. जिच्या अंगावर सगळं पडतं, तिच्याच डोक्यावर दोषही.

पुढे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. गावातल्याच, बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या माणसांना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं आणि घरोघरी पाठवलं. पंधरा दिवसांतून निदान एकदा, सहा महिने. त्यांनी काय करायचं? आजार समजावून सांगायचा. आंघोळीला नकार, संध्याकाळची तगमग, रात्रीची जाग, यांवर काय करता येईल ते घरच्यांबरोबर बसून शोधायचं. निराधार पेन्शनसारख्या योजनांचे अर्ज कसे करायचे ते सांगायचं, लागेल तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, आणि एका घराची दुसऱ्या घराशी गाठ घालून द्यायची. ८१ कुटुंबं होती. काहींना ही भेट लगेच मिळाली, काहींना सहा महिन्यांनी. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य ठळकपणे सुधारलं, त्यांचा त्रास कमी झाला. आजारी माणसाच्या वागण्यात किंवा क्षमतेत मात्र म्हणावा असा फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य अपयशाचं वाटेल. मला तसं वाटत नाही. आजार तोच, घर तेच, महागडं औषध एकही नाही, आणि तरी सांभाळणारी बाई सहा महिन्यांनी कमी खचलेली. कुणीतरी नियमानं येतं, ऐकतं आणि "तुमचं काही चुकत नाहीये" म्हणतं, एवढ्यानं. माझी तक्रार एकच आहे: या प्रयोगातही मोजलं गेलं ते मुख्यतः सांभाळणाऱ्याचं मन. खाटेवर किंवा झोपाळ्यावर बसलेल्याला कसं वाटतंय, हे मोजणं राहिलंच.

सुरुवातीच्या टप्प्यातल्या घरांत सर्वांत मोठी चूक काम काढून घेण्याची होते. एकदा दूध उतू गेलं की ओट्यावर बंदी. एकदा हिशेब चुकला की भाजीची पिशवी काढून घेतली. गॅस, गाडी आणि ओटीपी या तीन ठिकाणी कडक व्हावंच लागतं. स्कूटरची किल्ली काढून घेताना घराघरांत रडारड झालेली आहे, तरी ती घ्यावी लागते. पण बाकी ठिकाणी काम काढून घेण्याऐवजी त्याचे तुकडे पाडता येतात. आई पुरण शिजवणार नाही, पण वाटेल, आणि गोडीची चव तीच बघेल. वडील भाजीला जातील, फक्त एकाच भाजीवाल्याकडे, चार जिनसांची चिठ्ठी घेऊन, आणि भाजीवाल्याला सांगून ठेवलेलं असेल. हे सांगून ठेवणं जड जातं. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, कट्ट्यावरचे मित्र, किती जणांपुढे झाकली मूठ उघडायची? ज्यांनी उघडली त्यांना मात्र हलकं झालं. एका कट्ट्यावरच्या रमीच्या टोळीला त्यांच्या भिडूनं स्वतःच सांगून टाकलं, की मला हे झालंय, पानं लावायला उशीर लागेल, गुण दुसऱ्यानं लिहा, पण मुद्दाम जिंकू दिलंत तर खेळणार नाही. टोळी अजून बसते.

मेंदूला चालना देणारी, गटात घ्यायची एक उपचारपद्धती आहे, २००३ साली इंग्लंडमध्ये तिची उपयुक्तता दिसली: चौदा बैठका, सात आठवडे, गप्पा, गाणी, वस्तू, खेळ. चेन्नईत तमिळमध्ये ती बसवली गेली. मराठीत बसवायची तर साहित्य आपल्याकडे पडलेलं आहे. आज ऐंशीच्या आसपास असलेल्यांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' ऐकलं तेव्हा ती शाळकरी मुलं होती. सुरांची आठवण फार उशिरा जाते. पावकी-निमकी घोकलेल्या माणसाला अडीचकी म्हणायला सांगा, नातवंडांची तोंडं बघण्यासारखी होतात. भजनी मंडळातल्या आजीला मंडळातून काढू नका, टाळ तिच्या हातात राहू द्या.

आणि पाहुण्यांनो, कृपा करून "ओळखलंत का मला?" हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडचा हा लाडका प्रश्न आहे, पायाला हात लावता लावता विचारला जातो आणि उत्तर येईपर्यंत समोरचा हसत उभा राहतो. "काकू, मी तुमच्या धाकट्या दिरांचा मुलगा, बेळगावचा," असं म्हटलं की काकूंची सुटका होते. पुढच्या गप्पा त्या आरामात मारतात.

'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे प्रकांड पंडित हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. लोकांना हरवणं लक्षात राहतं. मला माहुतीण लक्षात राहिली. अमृता सुभाषनं ती केली आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती या म्हाताऱ्याला काहीच विचारत नाही, सिद्ध करायला लावत नाही. तो जसा आहे तसा सांभाळते. घरच्यांना ते जमत नाही यात नवल नाही, कारण घरच्यांना तो आधी कसा होता ते माहीत असतं.

सांभाळणाऱ्यांबद्दल, म्हणजे बहुधा बायको, सून किंवा लग्न न झालेली मुलगी यांच्याबद्दल, सुरुवातीच्या टप्प्यात कुणी बोलत नाही, कारण अजून दिसण्यासारखे कष्ट नसतात. कष्ट वेगळे असतात. एकाच प्रश्नाला दिवसातून वीस वेळा तेच उत्तर, त्याच आवाजात. एकविसाव्या वेळी आवाज चढतो आणि मग रात्रभर स्वतःला बोल लावणं. दूरचे भाऊ-नणंदा फोनवर पाच मिनिटं बोलतात आणि म्हणतात, "आमच्याशी तर अगदी व्यवस्थित बोलल्या." हे वाक्य ऐकून रडलेल्या बायका मी पाहिल्या. पाच मिनिटं सावरून बोलणं या टप्प्यात जमतं; फोन ठेवला की ती माणसं थकून झोपतात. नर्सिंग ब्युरोतून बाई लावायची वेळ सहसा पुढे येते, पण आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी येऊन बसणं आत्ताच हवं, म्हणजे त्या माणसालाही नव्या चेहऱ्याची सवय होते आणि सांभाळणारीला सिनेमाला, बँकेत, किंवा नुसतंच बाहेर जाता येतं.

पुण्याला स्वमदत गटांची परंपरा आहे. व्यसनमुक्तीसाठीचं मुक्तांगण आहे, कॅलगरीच्या डॉ. जगन्नाथ वाणींनी उभारलेली स्किझोफ्रेनियासाठीची 'सा' आहे, पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, जिथे पेशंट स्वतः नाचतात, सहलीला जातात. डिमेन्शियाचे आधारगटही शहरांत आहेत. केरळात १९९२ साली सुरू झालेल्या एआरडीएसआय या संस्थेच्या शाखा मुंबई-पुण्यात काम करतात. पण गटात येतात ते नातेवाईक. ज्याला आजार आहे तो घरी असतो, शेजाऱ्यांच्या भरवशावर. नेदरलँड्समध्ये १९९७ साली 'अल्झायमर कॅफे' निघाला तो हीच भिंत पाडायला: कॉफी, गप्पा, आणि आजारी माणूस व घरचे एकाच टेबलावर. स्कॉटलंडनं २०१३ पासून निदानानंतर किमान वर्षभर एक ठरलेला कार्यकर्ता मिळेल अशी हमी दिली. त्याचं काम गोव्यातल्या कार्यकर्त्यांहून फार वेगळं नाही. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहेत, फेस्कॉम या महासंघाच्या छत्राखाली हजारो ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, ज्यांच्या सभागृहांत दुपारी पंखे बंद असतात. आशाताईंवर आणखी एक रजिस्टर लादा असं म्हणणार नाही, त्यांना आहे त्याच कामाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. पण स्वतंत्र, पगारी, प्रशिक्षित माणूस तालुक्याला एक, हे काही आकाशातलं मागणं नाही. तोवर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्याची १४४१६ ही टेलिमानस, एवढं तरी फ्रिजवर चिकटवून ठेवावं.

दिवाळीत मुलं घरी येतात. वर्षभर फोनवर न दिसलेलं चार दिवसांत दिसतं, आणि भाऊबीजेच्या रात्री भावंडं गच्चीवर जाऊन 'आईचं काय करायचं' ते ठरवतात. एका घरात गेल्या वर्षी ही बैठक गच्चीवर झाली नाही. निदान होऊन सहा महिने झाले होते. वडील, निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाले, मला समोर बसवा आणि मोठ्यानं बोला. त्यांनी आपली फाइल आणली. वही काढली, त्यात मुद्दे लिहिलेले होते, कारण बोलता बोलता विसरतील हे त्यांना माहीत होतं. मुलीकडे बंगळुरूला जाणार नाही, भाषा येत नाही. ब्युरोचा माणूस ठेवायला हरकत नाही, पण तो मराठी बोलणारा असावा आणि त्याला बुद्धिबळ यावं. बायकोला वर्षातून एकदा तिच्या बहिणीकडे महिनाभर जाऊ द्यायचं, माझी सबब सांगायची नाही. नळ्या घालून ठेवायचं नाही. यावर सगळे राजी झाले. गावाकडची जमीन विकून तो पैसा या सगळ्याला लावावा, या पाचव्या मुद्द्यावर थोरल्या मुलाचं आणि त्यांचं जोरात वाजलं. दोघांनी दोन दिवस अबोला धरला. जमिनीचा निकाल अजून लागलेला नाही. यंदाच्या दिवाळीत तो विषय पुन्हा निघणार आहे, आणि वहीत तो पहिल्या क्रमांकावर लिहिलेला आहे.